साताऱ्याच्या बुरूड आबा-काकींना, कासवांच्या डालग्यांबद्दल

आदरणीय आबा आणि काकी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

कोकण किनाऱ्यावरचा कासवांचा हंगाम संपला. हॅचरीचं (कासवांची अंडी राखायच्या जागेचं) कुंपण निघालं, शेवटची घरटी उकरून मोजदाद झाली आणि तुम्ही विणून दिलेली डालगी (घरट्यावर झाकायच्या बांबूच्या टोपल्या) गोड्या पाण्यानं धुवून, सावलीत वाळवून माळ्यावर गेली. तुमचे आभार फोनवर मानून भागलं असतं. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण इतर गावांतले कासवमित्रही बांबूची डालगी करून घ्यायच्या विचारात आहेत. आपल्या जवळच्या बुरडाला नेमकं काय सांगायचं, ते त्यांना इथून उचलता यावं. आणि साताऱ्यात ओट्यावर बसून विणलेली वस्तू समुद्रकाठी काय काम करते, हे आपल्या गावालाही कळावं.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री वाळूवर येते, साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. घरटं भरतीरेषेच्या वर आणि सुरक्षित जागी असेल तर ते तिथंच राहू देणं सगळ्यात उत्तम. पण कोल्हे, कुत्री, घोरपडी आणि उधाणाचं पाणी यांच्यापुढे पुष्कळ घरटी टिकत नाहीत, म्हणून वनविभागाच्या देखरेखीखाली कासवमित्र ती अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात. (ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.) हॅचरीत तसाच खड्डा करतात: ४५ सेंटिमीटर खोल, तोंड अरुंद, तळ रुंद, आणि दोन खड्ड्यांमध्ये किमान तीन फुटांचं अंतर. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं अंडी फोडतात आणि सगळी मिळून वाळू खाली सारत वर येतात. वर आल्यापासून समुद्रात जाईपर्यंतचा जो वेळ, त्यासाठी तुमचं डालगं.

कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखंच ते, फक्त मोजमाप निराळं. खाली ६० सेंटिमीटर रुंद, वर ४५, उंची ४५, आणि बूड नाही. वर निमुळतं ठेवायचं तुम्ही सुचवलंत ते एकात एक बसावं, वाहतुकीला जागा कमी लागावी म्हणून. त्याचा दुसरा फायदा हॅचरीत दिसला: भिंत आतल्या बाजूला झुकलेली असल्यानं पिल्लांना तिच्यावर चढता येत नाही. सरळ भिंतीच्या टोपलीत ती एकमेकांच्या पाठीवर चढून वर सरकतात, उलटी पडतात आणि पाठीवर पडलेली पिल्लं हातपाय मारण्यात थकून जातात.

लोखंडी जाळी का नको, हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलं होतंत. त्याचं उत्तर तेव्हा घाईत दिलं, आता नीट देतो. पिल्लू उजेडाकडे, म्हणजे रात्री उघड्या क्षितिजाकडे धावतं. जाळीतून उजेड दिसत राहतो, म्हणून ते तिथंच ढकलत बसतं. तारेवर नाकाड सोलवटतं, पुढचे पर (वल्ह्यासारखे पाय) जाळीच्या डोळ्यात अडकतात. खाऱ्या हवेत जाळी एका हंगामात गंजते आणि तुटकी टोकं आत येतात. शिवाय समुद्रात दिशा धरायला ही पिल्लं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतात, आणि घरट्यावर ठेवलेल्या लोखंडी पिंजऱ्यानं भोवतीचं क्षेत्र बदलतं, हे संशोधकांनी मोजून दाखवलंय. बांबूच्या डालग्यात यातलं काहीच नाही. म्हणूनच खिळा किंवा तार नको असा आमचा हट्ट होता. तुम्ही काठ काथ्यानं आवळून दिलात, एकही खिळा न वापरता. नायलॉनची दोरीही टाळलीत ते फार बरं झालं. तिचे तुटके धागे वाळूतच राहतात आणि पुढे समुद्रात जातात.

विणीबद्दल काकींचे विशेष आभार. पिल्लाची पाठ जेमतेम ४ सेंटिमीटर लांब आणि वजन १५ ते २० ग्रॅम. एवढ्याशा जिवासाठी खालचा वीतभर पट्टा घट्ट हवा होता. काकींनी तिथं दोन कामट्यांमधली फट ५ मिलिमीटरच्या आत ठेवली आणि वर सैल सोडली. खालून उजेड दिसत नाही म्हणून पिल्लं भिंतीशी झटत नाहीत, आणि वरून वारा खेळतो. प्रत्येक कामटीची हिरव्या सालीची गुळगुळीत बाजू आत घेतली, हे तर आम्ही सांगितलंच नव्हतं. बांबूची फोडलेली बाजू बोटाला कुसळ लावते, मग पिल्लाच्या पापुद्र्यासारख्या परांचं काय झालं असतं? दुसऱ्या कुणाकडून डालगी करून घेताना ही गोष्ट आधी सांगा. बाहेरून बघून ती कळत नाही, आतून हात फिरवल्यावरच कळते.

बांबूला डांबर, व्हार्निश, रॉकेल किंवा कीडनाशक लावायचं नाही, हे तुम्ही पटकन मान्य केलंत. धंद्याच्या दृष्टीनं ते सोपं नव्हतं, कारण घुण्यानं पोखरलेली वस्तू गिऱ्हाईक परत आणून आपटतं. पण दवात आणि दमट वाळूत यातलं बरंच काही झिरपतं, आणि अंड्याच्या कवचातून हवा-पाणी आतबाहेर होत असतं. बोरिक पावडरीचं पाणीही याच कारणानं नको. त्याऐवजी तुम्ही पावसाळा सरल्यावर तोडलेला, तीन वर्षांपुढचा जून कळक (बांबू) घेतलात, कामट्या तीन आठवडे पाणी बदलत भिजत घातल्यात आणि सावलीत सुकवल्यात. कळकातली साखर-पिठूळपणा पाण्यात उतरला की घुण्याला खायला उरत नाही. कोवळ्या किंवा पावसाळ्यात तोडलेल्या कळकाचं डालगं दोन महिन्यांत पिवळी पूड सांडायला लागतं. कळक शेतकऱ्याच्या बांधावरचा घेतलात तेही योग्य. २०१७ च्या कायदाबदलानंतर जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीत राहिला नाही, त्यामुळे तोडीची आणि वाहतुकीची पूर्वीची कटकट संपली.

डालग्यांबरोबर तुम्ही दिलेल्या अंडी न्यायच्या पाट्यांबद्दल (टोपल्यांबद्दल) थोडं जास्त लिहितो, कारण त्यांचं काम कुणाच्या नजरेत येत नाही. अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूनं चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं किंवा उलटं झालं की गर्भ सुटतो आणि मरतो. बाहेरून अंडं चांगलं दिसतं, दीड महिना वाट बघितली जाते आणि शेवटी ते कुजलेलं निघतं. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत हलवता आलं तर बरं, आणि उशीर झाला असेल तर प्रत्येक अंड्याची वरची बाजू वरच ठेवून, एकेक करून उचलायचं. एका घरट्यातली अंडी मिळून चार किलोच्या आसपास भरतात, त्यात खाली पसरलेली ओली वाळू वेगळी. एवढं वजन घेऊन वाळूतून चालताना दोरीच्या कडीची पाटी झुलते आणि अंडी एकमेकांवर घरंगळतात. तुम्ही वेताची ताठ कडी बसवलीत आणि तळ सपाट, दुहेरी विणीचा केलात, त्यामुळे पाटी झुलत नाही आणि खाली टेकवली तरी कलत नाही. ज्या गावांत अजून प्लॅस्टिकची बादली वापरतात त्यांनी निदान एवढं तरी बदलावं. बादलीत पाणी सुटून तळाची अंडी भिजत राहतात, आणि गोल तळाला अंडी सरकतात.

वाळू चाळायच्या चाळण्याही उत्तम चालल्या. हंगामाआधी हॅचरीची वाळू दोन फूट खोलीपर्यंत चाळावी लागते. मर्यादवेलीची आणि सुरूची मुळं राहिली तर ती ओलाव्याच्या ओढीनं अंड्यांत घुसतात. गेल्या वर्षीच्याच जागी खड्डे केले तर जुन्या कवचांवरची बुरशी नव्या अंड्यांना धरते, म्हणून जागा दरवर्षी बदलायची.

आता संशोधनाचं. तुमच्या डालग्यांमुळे प्रत्येक घरट्याची पिल्लं वेगळी राहिली, आणि आकडेवारीच्या दृष्टीनं ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. डालगं नसलं तर पहाटे शेजारच्या दोन घरट्यांची पिल्लं एकत्र होतात आणि कुणाची किती ते सांगता येत नाही. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं मोजतात. समजा ११२ अंडी होती आणि ९४ कवचं निघाली, तर उबवणीचं यश ८४ टक्के. उरलेली अंडी का फुटली नाहीत हेही बघतात: गर्भच नव्हता, की अर्ध्यावर मेला, की मुळं शिरली. हा आकडा वाळूच्या तापमानाशेजारी ठेवला की त्याला अर्थ येतो. या कासवांमध्ये नर-मादी उबवणीच्या मधल्या काळातल्या उष्णतेवर ठरतात. वाळू साधारण २९ ते ३१ अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त, आणि ३५ च्या वर बरेच दिवस राहिली तर अंडीच मरतात. मार्चमध्ये पुरलेल्या घरट्यांवर सावलीची जाळी टाकतात ती यासाठी. मोठ्या कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवता येतं. २०२२ मध्ये कोकणात पाच माद्यांना ते बसवलं, आणि २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला असं यंत्र पेलणारच नाही. त्याच्याबद्दल जे काही हाती लागतं ते या मोजणीतून.

घरट्याचा क्रमांक, अंडी घातल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या तापल्या सळईनं कामटीवर डागता येईल अशी सोय तुम्ही केलीत, त्याचा उपयोग शब्दांत सांगणं अवघड आहे. मार्करची शाई दवानं आठवड्यात पुसते आणि कागद खेकडे फाडतात.

वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. डालगं ४० व्या दिवसापासून ठेवायचं, खालचा १० सेंटिमीटर भाग वाळूत दाबून. खेकडा त्याहून खोल खणतो, तेव्हा हॅचरीच्या कुंपणाची बारीक जाळी जमिनीत दीड-दोन फूट गाडलेली हवीच, डालग्यावर विसंबू नये. घरट्यावर वाळू खचून खळगा दिसला की एक ते तीन दिवसांत पिल्लं वर येणार असं समजायचं. डालग्याच्या वरच्या तोंडावर गोणपाट बांधायचं, पण ठिबकेल इतकं ओलं नाही, नाहीतर घरटं भिजतं. रात्री आणि पहाटे दर एक-दोन तासांनी बघायचं, दिवसाही बघायचं, कारण सकाळी आठनंतर डालग्यात राहिलेली पिल्लं उन्हानं मरतात. पिल्लं टबातल्या पाण्यात ठेवायची नाहीत. जन्मानंतर सुमारे एक दिवस ती अखंड पोहत खोल समुद्र गाठतात आणि तेवढ्यासाठीच पोटात बलकाचा साठा घेऊन आलेली असतात. पर्यटक जमेपर्यंत त्यांना थांबवून ठेवणं म्हणजे तो साठा टबात संपवणं. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, पांढरा उजेड न पाडता, पाण्यापासून दहा-पंधरा पावलं अलीकडे सोडायचं आणि त्यांचं त्यांना चालू द्यायचं.

समुद्राशी साताऱ्याचा काय संबंध, असं तुम्हाला शेजारी विचारतात म्हणे. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि कासवांसाठी नावाजलेलं वेळास तिथून हाकेच्या अंतरावर आहे. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीत जातं. त्यांना हे जरूर सांगा.

पुढच्या हंगामासाठी दोन सुधारणा हव्यात. वाळूत दाबलेली खालची कड एप्रिलपर्यंत मऊ पडली, काही डालग्यांत कुजली. ती कड वेगळी विणून काथ्यानं जोडता येईल का, म्हणजे दरवर्षी तेवढीच बदलता येईल? दुसरं, लोक एका हातानं काठ धरून डालगं उचलतात आणि तिथली वीण उसवते, तेव्हा समोरासमोर दोन कड्या द्या. पहिली घरटी नोव्हेंबरअखेर धरली तर डालगी जानेवारीच्या सुरुवातीला लागतील. दिवाळीनंतर कळक तोडून भिजत घातलात तर वेळेत होईल. पाट्या आणि चाळण्या आहे तशाच चालतील.

आणि मजुरीचं. या वेळी "देवाचं काम" म्हणून तुम्ही निम्मेच पैसे घेतलेत. तुमचं मन मोठं आहे, पण कासव वाचवायच्या नावाखाली कारागिराला कमी दामात राबवणं आम्हाला पटत नाही. तुमची मुलं या धंद्यात टिकली तरच पुढे डालगी मिळणार आहेत. पुढच्या वेळी कळक, मजुरी आणि चिपळूणपर्यंतचं भाडं धरून पूर्ण हिशेब द्या. निम्मी रक्कम दसऱ्याला आगाऊ पोचवतो. कड जोडायचा नमुना जमला की एक डालगं आधी पाठवा, वाळूत पुरून बघू आणि कळवू.

काकींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

आपले कृतज्ञ,
कासव हॅचऱ्यांना साहित्य पोचवणारे सातारकर