त्या कापसाच्या वातीसाठी थँक्यू, डॉक्टर मॅडम

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपून बरेच महिने झाले. तुमच्यासमोर बसून नीट आभार मानायचे होते पण दर वेळी बाहेर पेशंटची रांग असायची आणि राहूनच जायचं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. माझं नाव लिहीत नाही, तुम्हाला वाचून कळेलच.

पहिला चट्टा डाव्या हातावर आला होता, फिकट, जरासा लालसर. खाज नाही, दुखत नाही, म्हणून मला उलट बरंच वाटलं होतं. मग पाठीवर आले, मांडीवर आले, तेव्हा एका ठिकाणी दाखवलं, नायटा म्हणून मलम मिळालं, दुसरीकडे दुसरं मलम, असं करत दीड वर्ष गेलं. एवढ्या दिवसांत कुणी एकदाही विचारलं नाही की चट्ट्यावर हात लावला तर जाणवतं का.

तुम्ही विचारलंत. डोळे मिटायला लावलेत, कापसाची बारीक वात केलीत आणि म्हणालात, जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवा. मी ठेवत गेलो. मग मला वाटलं तुम्ही थांबलात, म्हणून डोळे उघडले तर कापूस चट्ट्यावरच टेकलेला होता. मला काहीच कळलं नव्हतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कोपरामागची नस, म्हणजे मज्जातंतू, तुम्ही चाचपलीत, जाड झालीय म्हणालात, जंतू बघायला कानाच्या पाळीतून स्मिअर, म्हणजे नमुना, घेतलात, आणि मग सरळ शब्दांत सांगितलंत, कुष्ठरोग आहे, बरा होतो. मी रडायला लागलो तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत. हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्येच याचा जंतू शोधला, हा शाप नाही की पाप नाही, बहुतेक लोकांच्या शरीरात याला तोंड द्यायची ताकद असतेच, आणि जंतू इतका सावकाश वाढतो की लागण झाल्यावर लक्षणं दिसायला पाच-पाच वर्षं, कधी वीससुद्धा लागतात, हे सगळं तुम्ही मला समजावत बसलात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत माझ्यापासून कुणाला धोका राहणार नाही हे ऐकलं तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला, कारण डोक्यात फक्त मुलगी होती. तिला आणि बायकोला तुम्ही स्वतः तपासलंत आणि आजार होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस दिलात, त्याबद्दल वेगळे आभार.

चट्टे पाचाच्या वर, म्हणून बारा महिने एमडीटी, म्हणजे एकत्र घ्यायची अनेक औषधं. लघवी लाल होईल, त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडेल, नंतर हळूहळू उजळेल, हे आधीच सांगून ठेवलंत म्हणून घाबरलो नाही.

पण चौथ्या महिन्यात चट्टे अचानक लालभडक होऊन सुजले, कोपर ठणकायला लागलं, करंगळीत जोर राहिला नाही. मला वाटलं औषधच उलटलं, सगळं बंद करावं. रात्री तुम्हाला फोटो पाठवला तर लगेच फोन आला, गोळ्या अजिबात बंद करू नका, सकाळी या. ती रिअॅक्शन होती. मेलेल्या जंतूंवरही शरीर असं तुटून पडतं आणि त्यात नस भरडली जाते, उशीर झाला तर बोटं कायमची वाकू शकतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्या फोनची किंमत कळली. त्या दिवशी तुम्ही माझ्या करंगळी आणि बाजूच्या बोटामध्ये कागद धरायला दिला होता, हलकेच ओढलात आणि तो सुटला. मी खाली बघत बसलो होतो. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलंत, पाच महिने डोस कमी कमी करत नेलात, हाताचे व्यायाम करून घेतलेत, एकही तपासणी चुकू दिली नाहीत.

मागच्या तपासणीला परत तोच कागद. तुम्ही ओढलात, सुटला नाही. अजून जोरात ओढलात तर कागद फाटला, अर्धा माझ्या बोटात राहिला. तो तुकडा मी घरी घेऊन आलोय, मुलीच्या कंपासपेटीत ठेवलाय.