सामायिक तिजोरी आणि सरळ बोलणे

चि. मृणालिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही मैत्रिणी एकत्र घर घेऊन, मोजक्याच वस्तूंत राहण्याचा बेत करीत आहात, असे तू लिहिले आहेस. मी नुकताच इंग्लंडमधील पूर्व ससेक्स परगण्यात, रॉबर्ट्सब्रिज गावाजवळच्या डार्वेल येथे जाऊन आलो. तेथे ब्रूडरहोफ या ख्रिस्ती समुदायाची वसाहत आहे. पूर्वी त्या जागी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. १९७१ पासून हे लोक तेथे राहतात. तुझा बेत वाचल्यावर त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

उंच मनोऱ्याचे चर्च पाहायला मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्याची तेथे निराशा होईल. उपासनेसाठी सारे वर्तुळाकार बसतात आणि भरपूर गातात. जेवण मोठ्या भोजनगृहात एकत्र होते, त्याआधीही गाणे होतेच. नंतर भांडी घासायला पाळीप्रमाणे स्त्रिया आणि पुरुष दोघेही उभे राहतात. स्त्रियांचा पोशाख लांब झगा आणि डोक्याला रुमाल असा साधा असतो. मात्र साधेपणा म्हणजे यंत्रांचा तिटकारा, असे त्यांनी मानलेले नाही. त्यांच्या कारखान्यात बालवाड्यांसाठी लाकडी खेळणी आणि फर्निचर आधुनिक यंत्रांवर तयार होते, आणि म्हातारी माणसेही झेपेल तितका वेळ तेथे काम करतात. पगार कोणालाच नाही. मिळकत सामायिक तिजोरीत जाते आणि ज्याची जशी गरज, तसे त्याला मिळते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे सर्व काही सामाईक होते असे वर्णन आहे, ते या लोकांनी शब्दशः घेतले आहे.

या समुदायाचा आरंभ एबरहार्ड आणि एमी आर्नोल्ड या दांपत्याने १९२० मध्ये जर्मनीतील झानर्त्स या खेड्यात केला. पहिल्या महायुद्धानंतरचा तो विस्कटलेला काळ होता. पुढे १९३७ मध्ये नाझी राजवटीने त्यांची जर्मनीतील वसाहत बंद पाडली, तेव्हा ते इंग्लंडला आले. दुसऱ्या महायुद्धात बहुतेकांना तेथूनही उठून पॅराग्वेला जावे लागले. ज्यांना इतक्या वेळा चंबूगबाळे आवरावे लागले, त्यांना वस्तूंचा मोह आवरणे थोडे सोपे गेले असेल, असे माझे आपले मत.

मला खरे नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. एबरहार्ड आर्नोल्ड यांनी १९२५ मध्ये एक नियम लिहून ठेवला होता आणि तो आजही पाळला जातो. कोणाविषयी काही खुपत असेल, तर ते त्याच्याच तोंडावर, प्रेमाने बोलायचे. त्याच्या पाठीमागे उघड किंवा आडून बोलायचे नाही, अगदी घरच्या माणसांजवळसुद्धा नाही. कपाट रिकामे करणे एखाद्या रविवारी उरकते, पण मनात साठवलेली कुरकुर त्या त्या माणसासमोर मांडायला जे धैर्य लागते, ते रोज नव्याने गोळा करावे लागते. सामायिक तिजोरी या नियमावाचून वर्षभरही टिकली नसती, असे मला वाटते; कारण कोण किती राबतो आणि कोण किती घेतो, याची कुजबुज एकदा सुरू झाली की पैशाचा हिशेब कितीही चोख असला तरी उपयोग नसतो.

तरीही मी तेथे राहू शकेन, असे मात्र वाटत नाही. सभासदत्वाची शपथ आयुष्यभराची असते. आपली सारी मालमत्ता समुदायाला द्यायची, आणि पुढे बाहेर पडल्यास तिच्यावर हक्क सांगायचा नाही. कोणते काम करावे, कोणत्या वसाहतीत राहावे, हेही समुदायाच्या विचाराने ठरते. तेथे जन्मलेल्या मुलांनाही हे बंधन आपोआप लागू होत नाही, सज्ञान झाल्यावर त्यांनी स्वतः निवड करायची असते, ही गोष्ट मला फार न्याय्य वाटली. परंतु ज्याने कधी स्वतःचे बँकखाते चालवलेले नाही, त्याला त्या वयात बाहेरचा रस्ता कितीसा मोकळा वाटत असेल, हा प्रश्न मला छळतो.

तुमच्या बेतात शपथ नाही आणि धर्मही नाही, म्हणून भाडे आणि किराणा यांची वाटणी काय ठरवाल ती ठरवा. पण एकीने दुसरीविषयी तिसरीपाशी बोलायचे की नाही, हे घराचा करार करण्यापूर्वीच एकत्र बसून ठरवा, आणि काय ठरले ते मला कळव.

तुझे बाबा