रविवारचा बोचिया सराव : रॅम्प धरणाऱ्यांनी नक्की वाचा

नमस्कार पालकहो,

येत्या रविवारी सकाळी १० ते ११.३०, नेहमीच्या हॉलमध्ये बोचिया, म्हणजे आपल्या मुलांचा व्हीलचेअरवर बसून खेळायचा चेंडूंचा खेळ. मागच्या उतारानेच या, पायऱ्यांवरून खुर्ची उचलून आणू नका.

नव्यांसाठी थोडक्यात: ६ लाल चेंडू, ६ निळे, १ पांढरा. पांढऱ्याच्या सर्वांत जवळ ज्याचा चेंडू, त्याला गुण. फेकता येत नसेल तर घसरगुंडीसारख्या रॅम्पवरून सोडायचा. हात चालत नसतील तर डोक्याला बांधलेल्या काठीने ढकलायचा. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, नुसता विरंगुळा नव्हे.

रॅम्प धरणाऱ्याने मैदानाकडे पाठ करूनच बसायचं, मागे बघायचं नाही. स्पर्धेचा नियमच आहे तो. गेल्या वेळी आपण सगळेच वळून वळून "अजून जरा डावीकडे" करत होतो! रॅम्प कुठे हलवायचा ते मूल सांगेल, नजरेने किंवा मान हलवून. वेळ लागला तर लागू द्या.

सोबत आणा:
- खुर्चीचे छातीचे व कमरेचे पट्टे
- फिटचं औषध (चालू असेल तर)
- जास्तीचा टॉवेल

रॅम्प दोनच आहेत, म्हणून शुक्रवार संध्याकाळपर्यंत नाव कळवा. भावंडं आली तरी चालतील, चेंडू गोळा करायला माणसं लागतातच.