वर्धापनदिनाची न्याहारी अग्निशमन केंद्रात व्हावी

महोदय,

नगरपरिषदेचा वर्धापनदिन आला की व्यासपीठ, सत्कार आणि भाषणे ठरलेली असतात. त्याऐवजी त्या दिवशी सकाळी अग्निशमन केंद्राच्या आवारात घावने आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची सामुदायिक न्याहारी ठेवावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे. उन्हाळ्यात आंबा-काजूच्या बागांपर्यंत पोहोचलेले वणवे विझवणारे आणि पावसाळ्यात कोसळलेली झाडे हटवणारे हे जवान आपल्याला एरवी केवळ संकटातच भेटतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरातील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी तो दिवस पाळला जातो, हे योग्यच आहे. पण ओळख तेवढ्यापुरती राहू नये.

गॅसगळती झाल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, हे न्याहारीच्या निमित्ताने लहानथोरांना प्रत्यक्ष दाखवता येईल. ज्या वाड्यांत बंब पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेच्या, तोंडाशीच थांबतो, तिथे पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्याच हाती असतात. मात्र बंबाची वाट पूर्ण मोकळी ठेवावी आणि कामावरील जवानांकडे वाढपाचे काम मुळीच सोपवू नये.

– एक वाचक, रत्नागिरी