तलाठी भाऊसाहेब, पंचनाम्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक मॅडम आणि ग्रामसेवक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नदीकाठच्या मळीच्या रानातला, पुरात बुडालेला ऊस बघायला आपण तिघंही दुसऱ्यांदा आलात, त्यासाठी हे पत्र.

पूर ओसरला की पहिले काही दिवस ऊस लांबून हिरवागारच दिसतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, शिरलेलं गढूळ पाणी त्याला आतून कुजवत असतं. आठ-दहा दिवसांनी पोंगा ओढला की तो अलगद हातात येतो, बुडाशी काळा पडलेला आणि वास मारणारा. घाईचा पंचनामा झाला तर अशा रानाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या आत धरलं जातं आणि मग मदत शून्य. आपण सरीत उतरून पोंगे ओढून पाहिलेत, गटात उभं राहून अक्षांश-रेखांशासह फोटो काढलेत. उंचवट्यावरचं वाचलेलं पीक वजा करूनच क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलंत. ते वजा केलंत, हेही योग्यच झालं.

कारण हा पैसा देशाचा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५ टक्के. संकट मोठं असेल आणि तो निधी पुरेना, तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीकडे जावं लागतं. त्यात तंबाखू-सिगारेटवरचं राष्ट्रीय आपत्ती आकस्मिक शुल्क जातं. ज्यानं सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल कधी पाहिला नाही, तो गुवाहाटीचा माणूसही आपल्या पुराला हात देतो. पण तो हात गावापर्यंत पोचतो पंचनाम्यावरूनच. तहसील, जिल्हाधिकारी, मंत्रालय असे आकडे चढत जातात, राज्याचं निवेदन दिल्लीला जातं. केंद्राचं पथक येईपर्यंत पाणी बऱ्याचदा उतरलेलं असतं. मग बोलतात ते आपले कागद आणि फोटो.

केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. यातून नुकसान भरून निघत नाही. पुढच्या लागणीच्या बेण्याला मात्र आधार होतो, आणि वेळेवर आला तरच.

वेळ जातो तो कागदात. सातबारावर वारलेल्या वडिलांचं नाव, सामाईक खात्याला संमतीपत्र नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. आपण यादी अपलोड करण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलीत, म्हणून चुकलेले गट नंबर आणि नावं गावातच दुरुस्त झाली. यादीतला विशिष्ट क्रमांक आल्यावर सेवा केंद्रात जाऊन ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून घ्यायचं, हे आपण वाडी-वस्तीवर फिरून सांगितलंत. म्हातारी माणसं त्यामुळेच मदतीतून सुटली नाहीत.

ज्यांच्या वारस नोंदी राहिल्यात, त्यांचे मृत्यूचे दाखले आणि अर्ज गोळा करून आम्ही सज्जावर आणून देतो. पुढच्या पावसाळ्याआधी तेवढे फेरफार मंजूर व्हावेत, ही विनंती.

आपले,
कृष्णाकाठचे शेतकरी, मिरज तालुका, जि. सांगली