जमीन आपली म्हणून अळंबी ओळखीची होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळी रानभाज्यांवरचा लेख वाचला. टाकळा, कुर्डू, अळू यांच्याविषयीचा भाग मनापासून आवडला. पण शेवटी अळंबीवर एक परिच्छेद होता आणि त्यात असे म्हटले होते की, आपल्याच जमिनीत उगवलेली, खत-औषध न लागलेली अळंबी निर्धास्त खावी. हे वाक्य वाचून गप्प बसणे मला जमले नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आहे आणि सिमरोलच्या पुढे आमची थोडी जमीनही आहे. त्यामुळे विषयाची दोन्ही टोके माझ्या परिचयाची आहेत.

सिमरोल, चोरल, मानपूर, तिल्लोर या बाजूला इंदूरकरांनी अलीकडे बरीच जमीन घेतली आहे. शनिवार-रविवारी मंडळी तिथे जातात, आणि जूनच्या अखेरीस पहिले दमदार पाऊस झाले की हिरवळीवर, आंब्याखाली, बांधावर पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. आपल्या जमिनीने आपल्याला काही दिले याचा आनंद खरा असतो. पण आंबा आपण लावलेला असतो, अळंबी आपण लावलेली नसते. तिचे बीजाणू वाऱ्याने येतात, नर्सरीतल्या रोपाच्या मुळाशी असलेल्या मातीतून येतात, लॉनच्या गुंडाळ्यांमधून येतात. रामबागेतल्या एखाद्या गॅलरीतल्या कुंडीतही पावसाळ्यात लिंबासारखी पिवळीधमक, नाजूक छत्री उगवते. ती विकतच्या मातीबरोबर आलेली असते आणि खाल्ली तर पोट बिघडवते. जगातली सर्वांत घातक मानली जाणारी अमानिता फॅलॉइड्स ही मूळची युरोपातली. ती ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत पोचली ती बाहेरून आणलेल्या झाडांच्या मुळांना धरून. सातबारा आपल्या नावावर असल्याने (इथे आपण खसरा म्हणतो) जमिनीत काय उगवले हे कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची. इंदूरच्या बहुतेक जुन्या मराठी घरांत अळंबी शिजतच नसे. धर्मशास्त्रांनी तिला कांदा-लसणाच्या पंक्तीला बसवून वर्ज्य ठरवले होते, आणि कांदा-लसूण स्वयंपाकघरात आला तरी ती बाहेरच राहिली. म्हणजे आमच्या आज्यांनी आमच्या आयांना टाकळा ओळखायला शिकवला, तशी अळंबी शिकवली नाही. आज जी आवड आहे ती हॉटेलातल्या बटन मशरूमने लावलेली आहे. ओळखीची परंपरा नाही आणि आवड मात्र आहे, अशी ही जोडी आहे, आणि मला भीती तिचीच वाटते.

ज्यांची माणसे कोकणातली किंवा विदर्भातली आहेत ते म्हणतील, आम्ही लहानपणापासून खात आलो. खरे आहे. पण ती ओळख त्या रानातली आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडलेले नोंदले गेले आहे. त्यांच्याकडे भाताच्या पेंढ्यावर उगवणारी एक उत्तम अळंबी खातात. तिच्या बुडाशी पिशवी असते. नव्या देशात ओकच्या झाडाखाली तशीच पिशवीवाली कोवळी अळंबी दिसली, त्यांनी ती ओळखीची समजून आणली, आणि ती अमानिता निघाली. दोघींच्या बीजाणूंचा रंग वेगळा असतो, पेंढ्यावरचीचा गुलाबी आणि अमानिताचा पांढरा. पण गावाकडे तो कधी पाहावाच लागला नव्हता, कारण भाताच्या पेंढ्यावर अमानिता उगवत नाही.

मग इथे, माळव्याच्या या कडेला, ओळख कोणाकडे आहे? आमच्या शेजारच्या शेतात निंदणीला येणाऱ्या एका बारेला आदिवासी बाईंकडून मी जे शिकले ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकले नव्हते. त्या अळंबी कधी उपटत नाहीत. खुरपीच्या टोकाने देठाच्या कडेची माती हळूहळू मोकळी करतात आणि देठ कुठवर जातो ते बघतात. वारुळावरच्या खाण्याच्या अळंबीचा देठ मातीत शिरल्यावर संपत नाही. तो निमुळता होत शेपटासारखा खाली खाली जातो, कधी हातभर. छत्रीच्या मधोमध टणक टोक असते, माती फोडून वर यायला उपयोगी पडणारे. बुडाशी गोल फुगवटा किंवा फाटकी पिशवी लागली की त्या छत्रीकडे दुसऱ्यांदा न बघता ती बाजूला टाकतात, आणि हात मातीने चोळून धुतात. ती शेपूट का असते हे शास्त्र सांगते. वाळवी वारुळाच्या आत कुजक्या पाल्याचा, लाकडाचा पोळ्यासारखा गाभा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते, टर्मिटोमायसीस तिचे नाव. पावसात त्या गाभ्यातून कोंब निघतो आणि माती भेदून वर येतो. म्हणून शेपटाचे दुसरे टोक वाळवीच्या घरात असते. वाळवीशिवाय ही अळंबी बाजारासाठी पिकवणे आजवर कोणाला साधलेले नाही. फार्महाऊसची जमीन सपाट करताना जेसीबीने वारुळे मोडणाऱ्यांनी, नागपंचमीला पूजा करत असोत वा नसोत, हे एकदा लक्षात घ्यावे.

याउलट हिरवळीवर वर्तुळात उगवणारी मोठी पांढरी छत्री. हिच्याविषयी मला जास्त लिहायचे आहे, कारण फार्महाऊसच्या लॉनवर हीच सर्रास दिसते आणि हीच सगळ्यांना मोहात पाडते. ताटलीएवढी पसरते, वर तपकिरी खवले, देठावर सरकणारे कडे, वासही चांगला. क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. उष्ण प्रदेशांत अळंबीने पोट बिघडण्याच्या ज्या घटना होतात, त्यांतल्या कितीतरी हिच्यामुळे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मोठी माणसे बहुधा त्यातून निभावतात, पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना अंगातले पाणी गेल्याने धोका असतो. कोवळी असताना हिच्या छत्रीखालचे पापुद्रे शुभ्र असतात, त्यामुळे फसगत होते. हिला पकडायचा उपाय सोपा आहे. देठ कापून छत्री, पापुद्रे खाली येतील अशी, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाडगा झाका, आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी वाडगा उचलला की कागदावर पापुद्र्यांची रेघन् रेघ उमटलेली असते, बारीक पुडीची, आणि हिच्या बाबतीत ती पुडी मळकट हिरवी असते. वारुळावरचीची फिकट गुलाबीसर, अमानिताची पांढरी. मी वर्गात मुलांकडून हे करून घेत असे. वाडगा उचलल्यावर मुले जे गप्प होत, ते आधीच्या तासभराच्या व्याख्यानाने कधी झाली नव्हती. पण हेही सांगते की, केवळ रंगाच्या ठशावर काही खायचे ठरवू नये. ठशाने नाकारता येते, स्वीकारता येत नाही.

आता ज्या परीक्षा आपल्याकडे तोंडोतोंडी चालतात त्यांबद्दल. अळंबीबरोबर लसूण टाकला आणि तो काळा पडला तर विषारी. चांदीचा रुपया काळवंडला तर विषारी. किडे-गोगलगायींनी खाल्ली असेल तर आपल्यालाही चालते. पांढरी असेल तर निर्धोक. यातले एकही खरे नाही. सर्वांत जीवघेण्या अमानितांपैकी काही दुधासारख्या पांढऱ्या असतात, गोगलगायी त्या मजेत खातात, आणि लसूण जसाच्या तसा राहतो. उकळून, तळून, वाळवून त्यांचे विष जात नाही. मोबाईलवरच्या ॲपवरही विसंबू नये, कारण फोटोत छत्री वरून दिसते, आणि निर्णय करणाऱ्या खुणा छत्रीखाली, मातीत आणि बीजाणूंत असतात.

विषबाधेबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी, म्हणून ती जरा विस्ताराने लिहिते. खाल्ल्यावर लगेच त्रास झाला तर माणूस घाबरून दवाखाना गाठतो. घातक अळंबीचा त्रास मात्र उशिरा सुरू होतो, सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर जेवण विसरलेले असते. उलट्या-जुलाब होतात, मग थांबतात, रोगी उठून बसतो, चहा मागतो, घरचे म्हणतात बाधले होते ते निघून गेले. याच काळात यकृत निकामी होत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार थोडे उरते, कधी यकृताचे प्रत्यारोपण एवढेच. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले, बहुतेक चहामळ्यांतल्या कष्टकरी घरांतले. अळंबी त्यांना परकी नव्हती, दरवर्षीच ते ती गोळा करतात. तेव्हा अळंबी खाल्ल्याला कितीही तास झाले असोत, उलटी झाली की थेट मोठ्या रुग्णालयात जावे, बरे वाटले तरी जावे. उरलेली अळंबी, भाजी, अगदी कचऱ्यातली सालेसुद्धा कागदी पिशवीत घालून बरोबर न्यावी. डॉक्टरांना दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राशी चोवीस तास बोलता येते.

ज्यांना आपल्या जमिनीवरची अळंबी खायचीच आहे त्यांनी ती पिकवावी. गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा, आणि सोयाबीनचा भुसा आपल्याकडे ढिगाने असतो, भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून पिशव्यांत भरला आणि त्यात धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) बी घातले की महिन्याभरात तोडणी सुरू होते. हिमाचलात सोलनला अळंबी संशोधन संचालनालय आहे, तिथे यावर बरेच काम झाले आहे. रानातलीच हवी असेल तर ती ओळखणाऱ्या माणसाच्या हाताखाली दोन-तीन पावसाळे काढावेत, आणि फवारलेल्या सोयाबीनच्या बांधावरची, हमरस्त्याकडेची, कारखान्यांच्या बाजूची घेऊ नये. अळंबी मातीतले शिसे आणि कॅडमियम शोषून घेते, त्यामुळे 'खत-औषध नाही' एवढ्याने ती शुद्ध ठरत नाही.

माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावी. पाऊस सुरू आहे, वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी, आपल्या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन कृषी महाविद्यालय आणि होळकर विज्ञान महाविद्यालय यांना एकत्र आणावे. कृषी महाविद्यालयाच्या जागेवरच १९२४ पासून ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केले आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. मातीत कुजणाऱ्या पदार्थाकडे शास्त्राच्या नजरेने बघायला आपल्या शहराने तेव्हा शिकवले होते. श्रावणात एखाद्या रविवारी तिथे टेबले मांडावीत, लोकांनी आपापल्या जमिनीतल्या छत्र्या आणाव्यात, आणि त्या नेमक्या कोणत्या हे तिथे सांगितले जावे. टेबलाच्या एका बाजूला प्राध्यापक बसावेत आणि दुसऱ्या बाजूला मानपूर-चोरलकडच्या भिल्ल आणि बारेला बाया, शिकवणाऱ्या म्हणून, पूर्ण मानधन देऊन. माझ्याकडून बीजाणूंचे ठसे घेण्याचे टेबल मी सांभाळीन. येणाऱ्यांनी छत्री देठावर मोडून आणू नये, बुडाखालच्या मातीसकट खणून, प्लॅस्टिकमध्ये नाही तर कागदात गुंडाळून आणावी, आणि ती कोणत्या झाडाखाली सापडली ते कागदावर लिहावे.

आपली,
एक वाचक
(वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका), इंदूर