पाठदुखीचा एक्स-रे नेमका कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक्स-रे विभागात ३१ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झाले. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत नुकतंच जे घडलं, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

जड खोकं उचलताना तिच्या कमरेत उसण भरली. चौथ्या दिवशी ती एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने दाब देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्यांकडे, गेली. पाठीला हात लावण्याआधीच त्यांनी मानेपासून माकडहाडापर्यंत सगळ्या कण्याचे एक्स-रे काढायला लावले. मग त्यावर लाल रेघा ओढून ‘मणके सरकलेत, आत्ताच बसवले नाहीत तर पुढे जड जाईल’ असं सांगितलं आणि २४ सिटिंगचे पैसे आगाऊ भरून घेतले. १२ सिटिंग झाल्यावर, किती सुधारणा झाली ते दाखवायला म्हणून, पुन्हा तेवढेच एक्स-रे.

‘ताई, बघ ना, फरक पडलाय,’ म्हणत तिने दोन्ही वेळच्या फिल्म माझ्या हातात दिल्या. मी त्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. पहिल्या वेळी हनुवटी छातीकडे झुकलेली, दुसऱ्या वेळी वर उचललेली. मानेचा बाक ‘सुधारलेला’ एवढ्यानेसुद्धा दिसू शकतो. पहिल्या फिल्ममध्ये ती एका पायावर भार टाकून उभी होती, म्हणून कंबर तिरकी दिसत होती. रुग्ण कसा उभा राहिला यावर अशा रेघा काही अंशांनी सहज हलतात, हे आमच्या विभागात नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण तिला हे सांगताना माझाच जीव तुटत होता, कारण त्या रेघांवर तिचा पुरता विश्वास बसला होता.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. बहीण ३८ वर्षांची आहे. तिला ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ असं कुणी एकदाही विचारलं नाही. ती गरोदर तर नाही ना, हे कळण्यासाठी हा प्रश्न विचारल्याशिवाय या वयाच्या बाईच्या कमरेचा एक्स-रे मी ३१ वर्षांत कधी काढला नाही. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तर कमरेच्या मणक्यांच्या तपासणीला सुमारे १.५. एका तपासणीने घाबरून जाण्याचं कारण नाही, गरज असेल तर ती करायलाच हवी. पण उगाच घेतलेला डोस लहान असला तरी उगाचच घेतलेला असतो.

गरज कधी असते, हे काही गुपित नाही. मोठा मार किंवा पडणं, पूर्वीचा कर्करोग, ताप, कारण नसताना घटणारं वजन, ठिसूळ हाडं किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा जांघेत बधिरता आली असेल, तर तातडीने रुग्णालयच गाठायला हवं. यातलं काही नसेल तर नव्याने उठलेल्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे काढू नये, असं अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांच्याच राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये आपल्या शिफारशींच्या यादीत सांगितलं आहे. सुधारणा पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढू नयेत, हेही त्याच यादीत आहे. म्हणजे माझं भांडण या पेशाशी नाही. जे त्यातले जाणतेच सांगतात, ते धाब्यावर बसवणाऱ्यांशी आहे.

आता बिलाकडे वळते. दुखत होती फक्त कंबर. विमा कंपनीकडे गेलेल्या बिलात मात्र प्रत्येक भेटीला मान, पाठ, कंबर, त्रिकास्थी आणि ओटीपोटाची हाडं अशा पाचही भागांवर उपचार लावले होते, शिवाय दर वेळी ‘सविस्तर तपासणी’ वेगळी. त्यातल्या एका तारखेला तर ती तापाने माझ्या घरी अंथरुणावर होती!

हे एकट्या तिचंच दुर्दैव असं मी मानत नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने कायरोप्रॅक्टिकसाठी २०१३ मध्ये दिलेल्या सुमारे ४३.८ कोटी डॉलरपैकी अंदाजे ३५.९ कोटी, म्हणजे ८२ टक्के रक्कम नियमांत बसत नव्हती, असं तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात नोंदवलं. त्यातली प्रत्येक चूक लबाडीच होती असं नाही, पण कागदावर गरज सिद्ध न करता पैसे उचलले जातात ते कसे, हे त्यातून दिसतं.

माझी मागणी साधी आहे. एक्स-रे काढण्याआधी त्याचं कारण कागदावर लिहून द्यावं, प्रत्येक भेटीच्या नोंदीवर रुग्णाची सही घ्यावी आणि त्या सहीशिवाय विमा कंपनीने पैसे देऊ नयेत. वाचकांनाही विनंती, की मशीनसमोर उभं राहण्याआधी एवढंच विचारा: या फोटोत काय दिसलं तर माझा उपचार बदलेल?

बहिणीने हाच प्रश्न दुसऱ्या वेळच्या एक्स-रेबद्दल पत्राने विचारला आहे. उरलेल्या १२ सिटिंगचे पैसेही परत मागितले आहेत. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. दोन्ही वेळच्या फिल्म आणि ते बिल मी माझ्या कपाटात जपून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ